पिवळा पीतांबर: एका टुकार सिनेमाच्या मराठी सबटायटलच्या नोंदी

९ जून

नवी फाइल उघडली. लांबी साधारण सत्तर मिनिटं. पोटापाण्याच्या कामात एवढं सबटायटल मी तीन-चार दिवसांत उरकतो. हे हौसेचं काम, रात्रीच्या जेवणानंतरचं, म्हणून तीन आठवडे धरलेत.

सिनेमा: 'मॅनोस: द हँड्स ऑफ फेट'. साल १९६६, गाव एल पासो, टेक्सास. जगातले सर्वांत वाईट सिनेमे मोजायला कुणीही बसलं की हा पहिल्या काहींत येतोच. भयपट आहे. भीती वाटत नाही.

दाखवायचा कुठे: सोसायटीच्या हॉलमध्ये, ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी. गेल्या कोजागिरीला गच्चीवर एक उत्तम, पारितोषिकं मिळवलेला सिनेमा लावला होता. मसाला दूध संपलं तशी माणसंही संपली. शेवटी उरलो मी, वहिनी आणि वॉचमन. तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, चांगलं दाखवून झालं. आता वाईट दाखवून बघा." त्या चेष्टेत म्हणाल्या होत्या.

हक्कांचं: प्रिंटवर कॉपीराइटची सूचना टाकायचीच राहून गेली. त्या काळच्या अमेरिकी कायद्यामुळे सिनेमा सार्वजनिक मालकीचा मानला गेला. म्हणजे त्यांचा विसराळूपणा आमच्या पथ्यावर पडला.

१० जून

नावापाशीच अडलो. 'मॅनोस' म्हणजे स्पॅनिशमध्ये 'हात'. म्हणजे सिनेमाचं नाव झालं 'हात: नियतीचे हात'. नाव देणाऱ्याला स्पॅनिश येत नव्हतं म्हणावं, तर एल पासो अगदी मेक्सिकोच्या सीमेवर. नदी ओलांडली की स्पॅनिशच.

वहिनी शाळेत मराठी शिकवतात, आमच्या शुद्धलेखन खात्याच्या प्रमुख त्याच. नाव ऐकून म्हणाल्या, "पिवळा पीतांबर." आणि लगेच, "गाईचं गोमूत्र."

नावाचं सबटायटल ठरलं: 'हात: नियतीचे हात'. सुधारायचं नाही. हा नियम पहिल्याच दिवशी ठरला, फक्त तो नियम आहे हे मला पुढे दोन आठवड्यांनी कळलं.

१३ जून

आज भाषांतर नाही, नुसतं वाचन. हा सिनेमा कसा झाला ते नीट लिहून ठेवतो, हॉलमध्ये सुरुवातीला दोन मिनिटं सांगावं लागेल.

हॅरल्ड वॉरन नावाचा माणूस. धंदा विमा आणि खतविक्रीचा, हौस नाटकाची. टेक्सासमध्ये लोकेशन बघायला आलेल्या स्टर्लिंग सिलिफंट या पटकथालेखकाशी त्याची ओळख झाली. कॉफी पिता पिता वॉरन बोलून गेला की भयपट करणं काही अवघड नाही, मीसुद्धा करून दाखवीन. पैज लागली. तिथल्याच कागदी रुमालावर त्याने कथेचा आराखडा लिहायला घेतला. (सिलिफंटला पुढे 'इन द हीट ऑफ द नाइट'च्या पटकथेसाठी ऑस्कर मिळालं. पैजेत समोरचा गडी कोण होता ते कळावं म्हणून लिहिलं.)

पैसे जमवले सुमारे १९,००० डॉलर. लेखक, दिग्दर्शक, निर्माता आणि नायक, चारी वॉरनच. नटमंडळी गावातल्या हौशी रंगभूमीची. मानधन नाही, नफ्यात वाटा. नफा काही झाला नाही. मेहनताना मिळाला तो दोघांनाच: छोट्या मुलीचं काम करणाऱ्या जॅकी नेमनला एक सायकल आणि तिच्या घरच्या कुत्र्याला त्याचं खाणं.

कॅमेरा बेल अँड हॉवेलचा, सोळा मिलिमीटरचा, चावी भरायचा. एका चावीत जास्तीत जास्त ३२ सेकंद चालायचा. जागेवर आवाज ध्वनिमुद्रित केलाच नाही. नंतर मोजक्या तीन-चार माणसांनी मिळून सगळ्या पात्रांचे आवाज दिले.

पैज मात्र वॉरन जिंकला. सिनेमा झाला.

१५ जून

टायमिंग सुरू. नेहमीचा हिशोब असा: दोन ओळींच्या वर जायचं नाही, ओळीत चाळीसेक अक्षरं, आवाज सुरू झाला की सबटायटल आलं पाहिजे आणि शॉट बदलण्याआधी गेलं पाहिजे. एरवी पात्राच्या ओठांकडे बघून सुरुवात पकडता येते. इथे ओठांचा नि आवाजाचा संबंध काडीमोड झाल्यासारखा. तोंड मिटलेलं, आवाज चालू. तोंड चालू, आवाज नाही. कितीदा तर बोलणाऱ्याची पाठच दिसते.

पहिली काही मिनिटं नुसती गाडी चालते. शेतं, रस्ता, परत शेतं. म्हणे इथे श्रेयनामावली यायची होती, ती टाकायची राहिली. सबटायटलवाल्याला सुट्टी.

१६ जून

गाडीत बसून चुंबन घेणारं एक तरुण जोडपं मधूनमधून येतं. पोलीस येऊन हटकतात, ते जातात, पुन्हा दुसरीकडे बसलेले दिसतात. कथेशी यांचा काडीचा संबंध नाही. आज कारण सापडलं: त्या नटीचा पाय शूटिंगच्या सुरुवातीलाच मोडला. तिला काढून टाकायला नको म्हणून वॉरनने बसल्या जागी करता येईल असं काम लिहून दिलं.

हे वाचल्यापासून मला ते दृश्य वाईट म्हणून बघताच येत नाही. आमच्याकडच्या हौशी संस्थांतही हेच. "तिला वाईट वाटेल हो, एखादी मोलकरीण घाला" म्हणून नाटकात मोलकरीण येते आणि तिसऱ्या अंकापर्यंत खुर्च्या पुसत राहते.

१९ जून

टॉर्गो आला.

टॉर्गो म्हणजे 'मास्टर'च्या, म्हणजे सिनेमातल्या खलनायकाच्या, घराची देखभाल करणारा गडी. वाट चुकलेलं कुटुंब दारात येतं तेव्हा हाच उभा. खांदे थरथरतात, मान लटलटते, वाक्य तीनदा तुटतं. आणि गुडघे अवाढव्य. तो मुळात बोकडाच्या पायाचा, ग्रीक पुराणातला सॅटर असायचा होता. पायाचं ते साधन नट जॉन रेनॉल्ड्स पँटीच्या आत बांधायचा. सिनेमात याचा एका शब्दाने उल्लेख नाही. बघणाऱ्याला दिसतात ते फक्त पँटीत उशा कोंबल्यासारखे गुडघे. तो चालायला लागला की पियानोवर एक डुगडुगती धून वाजते. दरवेळी. तो बॅगा आत नेतो, मग सांगतात परत गाडीत ठेव, मग त्या बाहेर नेतो. धून चालूच.

त्याची वाक्यं मराठीत आणताना खरी गंमत सुरू झाली. "वहिनी, हे बघा जरा."

"भाऊजी, मराठीत असं कुणी बोलत नाही."

"वहिनी, इंग्रजीतही कुणी बोलत नाही."

२१ जून

डोकं चालवलं. टॉर्गोला कोकणातल्या पडक्या वाड्यावरच्या म्हाताऱ्या गड्याची भाषा दिली. मास्टरला 'धनी' केलं. मधेमधे एकदोन कोट्याही घातल्या. नवऱ्याच्या तोंडी पुणेरी खवचटपणा दिला. लिहिताना मी एकटाच रात्री दीड वाजता हसत होतो, बायको उठून बघायला आली.

वॉरनने म्हणे स्वतःच नंतर म्हटलं होतं की नवे संवाद भरले तर याची बरी विनोदी फिल्म होईल. म्हणजे मूळ मालकाची परवानगीच आहे असं समजलो.

२७ जून

घरी चाचणी खेळ. प्रेक्षक: वहिनी, दादा, त्यांचा कॉलेजातला मुलगा. पहिली वीस मिनिटं काढली.

पडला.

सिनेमा पडलेलाच होता, मी पडलो. माझ्या कोटीवर दादा "हं" म्हणाला, तेवढंच. पुतण्या मोबाइल बघायला लागला. पण एके ठिकाणी फाइलमध्ये चूक होऊन सबटायटल आलीच नाहीत. मास्टरचं चित्र बघत नवराबायको नुसते उभे, वाक्यावाक्यात गाडी जाईल एवढी पोकळी. तिथे तिघेही खो खो हसले.

पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही सारखं सांगताय की हे विनोदी आहे."

२८ जून

झोप नाही. पुतण्याचं खरं आहे.

सिनेमातली माणसं विनोद करत नाहीयेत. ती घाबरवायला आली आहेत. वॉरनला मनापासून वाटतंय की आता प्रेक्षक खुर्ची घट्ट धरून बसला असेल. हसू येतं ते त्या वाटण्यात आणि पडद्यावर दिसण्यात जे अंतर आहे त्यातून. मी मधे घुसून डोळा मारला की अंतर बुजलं. विनोदी सबटायटल म्हणजे भोळ्या माणसाशेजारी उभं राहून 'बघा किती भोळा' म्हणणं.

सुझन सोंटॅग या अमेरिकी लेखिकेने १९६४ मध्ये, हा सिनेमा यायच्या दोन वर्षं आधी, हेच लिहून ठेवलंय: या प्रकारातलं अस्सल ते नेहमी निरागस असतं, ते गंभीरपणे करायला जातं आणि फसतं. मुद्दाम केलेलं तितकं भावत नाही. म्हणून मला ते शार्कांची वावटळ येणारे सिनेमे बघवत नाहीत. 'शार्कनेडो' २०१३ चा. पहिल्या मिनिटापासून तो आपल्याला कोपराने ढोसत असतो.

सगळं पुसलं. आवृत्ती दुसरी, शून्यापासून. नियम लिहून भिंतीवर चिकटवला: जसं आहे तसं. वाक्य अडखळतं तिथे अडखळू दे. तेच वाक्य तीनदा आलं तर तीनदा. सुधारणा केलेली दिसली तर वहिनींनी लाल शाईने खोडायची.

१ जुलै

हे चांगलं लिहिण्याहून अवघड आहे. हात आपोआप वाक्य नीट करतो. पंधरा वर्षांची सवय. टॉर्गोचं एक वाक्य मी पाच वेळा बिघडवलं आणि पाचही वेळा ते व्याकरणशुद्ध, सुबक निघालं.

'धनी' मात्र ठेवला. 'मास्टर' म्हटलं की आपल्याकडे शिंपी नाही तर शाळा डोळ्यांसमोर येते.

४ जुलै

पुतण्याने विषय काढला, "काका, 'गुंडा' का नाही दाखवत?"

प्रश्न रास्त आहे. कांती शहांचा १९९८ चा सिनेमा, मिथुन चक्रवर्ती नायक. त्या काळात पडला आणि पुढे इंजिनिअरिंगच्या होस्टेलांमध्ये पोरांनी कॉम्प्युटरवरून कॉम्प्युटरवर पोचवत अमर केला. त्यातला प्रत्येक खलनायक येतो आणि यमकात स्वतःचं नाव सांगतो. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं, अरे, हे तर उखाणे घेताहेत! लग्नात नव्या नवरीला धरून बसवतात तसं एकेका गुंडाला कुणीतरी म्हटलंय, नाव घे, नाव घेतल्याशिवाय घरात घेणार नाही. त्यात मोहन जोशी आहेत, मराठी रंगभूमीवरचं एवढं मोठं नाव, आणि तेही निमूट यमकात नाव घेतात.

सोसायटीत दाखवता येणार नाही, कारण ते उखाणे चारचौघांत घेण्यासारखे नाहीत. शिवाय एक शंका मला कायमची आहे. 'गुंडा' करणाऱ्यांना आपण काय करतोय ते माहीत होतं का? संवाद लिहिणाऱ्या बशीर बब्बरना यमकं अशी सुटतात की तो माणूस कसबी होता हे नक्की. फसलेला म्हणावा तर एका अर्थाने नेम बरोबर लागलाय. 'मॅनोस'बद्दल अशी शंका येत नाही. तिथे एकही नेम लागलेला नाही.

८ जुलै

निम्मं झालं. रात्रीच्या प्रसंगांत नटांभोवती सारखं काहीतरी फडफडतं. पतंग! रात्री मोठे दिवे लावले, त्यावर टेक्सासभरची पाखरं गोळा झाली. दोन पोलीस गोळीचा आवाज ऐकून गाडीतून उतरतात, चार पावलं जातात, बघतात, परत फिरतात. कारण दिव्याचा उजेड तेवढ्याच पावलांपुरता होता. एका ठिकाणी पडद्याच्या कडेला क्लॅप, शॉटच्या सुरुवातीला आपटतात ती पाटी, चक्क दिसून जातो.

९ जुलै

एक सबटायटल झालं.

१४ जुलै

वरच्या मजल्यावरचे अप्पा आले. वय अठ्ठ्याहत्तर. हयात बँकेत गेली, पण विचाराल तर सांगतील नाटकात गेली. राज्य नाट्य स्पर्धेत कितीतरी वर्षं सांगली केंद्रावर उभे राहिलेत. सांगलीच्या माणसाला हे बोलायला निमित्त लागत नाही. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं ते इथेच, असं दूधवालाही सांगतो.

त्यांना दुसऱ्या आवृत्तीचा अर्धा तास दाखवला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. हसले नाहीत. चष्मा पुढे घेऊन, गुडघ्यांवर हात ठेवून, परीक्षक बसतो तसे बसले. मास्टर आला, काळा झगा, हात पसरले की त्यावर मोठाले लाल पंजे दिसतात. अप्पा म्हणाले, "हा झगा घरी शिवलाय."

खरंच. मास्टरचं काम करणारे टॉम नेमन, त्या जॅकीचे वडील, त्यांनीच झग्यापासून चित्रापर्यंत बहुतेक सामान तयार केलं होतं.

"सगळी सोंगं आणता येतात रे," अप्पा म्हणाले, "पैशाचं नाही आणता येत."

मग त्यांनी खिडकीची गोष्ट सांगितली. मी आधी ऐकली होती, पण आज पूर्ण ऐकली. स्पर्धेतलं नाटक, दुसरा अंक. अप्पांना खिडकीशी जाऊन बाहेर बघत मोठं स्वगत म्हणायचं होतं. हात लावला आणि खिडकी चौकटीसकट निखळून हातात आली. "आता काय करणार? ठेवली तर जागा मोकळी दिसते. तशीच धरली दोन्ही हातांत आणि तिच्यातून बघत सगळं स्वगत म्हटलं. चार मिनिटं. सागवानी होती." प्रेक्षक आडवे झाले. अप्पा त्यानंतर दोन वर्षं नाटकाकडे फिरकले नाहीत.

"तेव्हा त्या हसण्याचा फार राग आला. आज त्या नाटकाचं नाव कुणाला आठवत नाही. खिडकी सगळ्यांना आठवते."

जाताना दारात थांबले. "हा गडी झालेला पोरगा कोण आहे? चालतो चांगला."

१५ जुलै

अप्पांच्या प्रश्नामुळे आज ते वाचलं जे मी टाळत होतो. जॉन रेनॉल्ड्स. पंचविशीतला. ऑक्टोबर १९६६ मध्ये, सिनेमाच्या पहिल्या खेळाच्या महिनाभर आधी, त्याने आत्महत्या केली. स्वतःला पडद्यावर त्याने कधी पाहिलंच नाही.

आपण ज्याच्यावर सगळ्यात जास्त हसतो तो हा.

काम बंद ठेवलं.

१८ जुलै

अजून बंद.

२० जुलै

पुन्हा बसलो. आधी पहिल्या खेळाची हकीकत काढली, कारण हसण्याचा प्रश्न तिथूनच सुरू होतो. १५ नोव्हेंबर १९६६, एल पासोचं कॅप्री थिएटर. वॉरनने आकाशात फिरणारा शोधदिवा भाड्याने आणला. नटमंडळींसाठी लिमोझिन एकच. ती चौघापाचांना दारात उतरवायची, कोपऱ्यावरून वळून पुढची खेप आणायची. गावातले बडे लोक आले होते. थोड्या वेळाने हशा सुरू झाला आणि थांबेना. सहासात वर्षांची जॅकी पडद्यावर स्वतःला बघत होती. तिच्या तोंडातून कुणा मोठ्या बाईचा आवाज निघाला, बाई लहान मुलीचा आवाज काढत होती. ती रडायला लागली.

त्यानंतर सिनेमा विस्मरणात गेला. ३० जानेवारी १९९३ ला 'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००' या अमेरिकी कार्यक्रमाने तो लावला. त्या कार्यक्रमात एक माणूस आणि दोन यंत्रमानव पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बसून, सिनेमा चालू असताना शेरे मारतात. 'मॅनोस' त्यांच्यामुळे जगाला माहीत झाला. माझी पहिली आवृत्ती म्हणजे त्यांचीच नक्कल होती, आणि हलकी. त्यांचे शेरे निदान सिनेमाच्या बाहेरून येतात. मी तर टॉर्गोच्या तोंडातच कोटी घातली होती.

आणि एवढं सगळं झाल्यावर २०११ मध्ये बेन सोलोवी या माणसाला मूळ सोळा मिलिमीटरची प्रत सापडली. त्याने लोकांकडून वर्गणी जमवली आणि फ्रेम न् फ्रेम साफ करून २०१५ मध्ये ब्लू-रे काढली. दुर्मिळ अभिजात कृतीला करतात तसं. धूळ पुसली, ओरखडे काढले. क्लॅप ठेवला.

त्या माणसाबद्दल वाचून थोडं बरं वाटलं. हसणारेच वर्गणी देतात, हे कुठेतरी नोंदवायला हवं होतं, इथे नोंदवतो.

२३ जुलै

वहिनींनी विचारलं, "असले सिनेमे बघतं कोण? रिकामटेकडे?" उत्तर तयार होतं. फ्रँकफुर्टच्या मॅक्स प्लांक संस्थेत २०१६ मध्ये सार्कोश आणि मेनिंगहाउस या दोघांनी यावर अभ्यास केला. टुकार सिनेमे आवडीने बघणारे सरासरीपेक्षा जास्त शिकलेले आणि एरवी कलात्मक सिनेमेही बघणारे निघाले. वहिनी म्हणाल्या, "मग तर रिकामटेकडेच."

२७ जुलै

मजकूर पूर्ण. शेवटाबद्दल एक टीप. मास्टरच्या बायका खांबांना बांधलेल्या असतात. सिनेमा संपताना नायक स्वतः नवा टॉर्गो होऊन दारात उभा असतो आणि त्याची बायको व मुलगी मास्टरच्या बायकांत सामील झालेल्या दिसतात. मुलगीसुद्धा. इथे मला हसू येत नाही, किळस येते. खतविक्रेत्याच्या भोळेपणात हेही बसतं का, मला ठरवता आलेलं नाही. नोटिशीत लिहिलं: मुलांना आणू नये.

सगळ्यात शेवटी पाटी येते, 'द एंड' आणि पुढे प्रश्नचिन्ह. 'समाप्त?' असं लिहिलं. वहिनींनी प्रश्नचिन्हाला लाल गोल केला. मी मूळ फ्रेम दाखवली. गोल खोडला.

१ ऑगस्ट

तांत्रिक भानगड. हॉलच्या लॅपटॉपवर जोडाक्षरं फुटतात. 'प्रकाश'चा 'प् रकाश' आणि 'ठिकाण'ची वेलांटी भलत्या अक्षरावर. दोन फाँट बदलले, तेच. शेवटी सबटायटल वेगळी न ठेवता चित्रावरच छापून टाकली. रात्रभर मशीन चालू. सत्तर मिनिटांच्या सिनेमासाठी १९६६ मध्येही कुणी एवढी वीज जाळली नसेल, शोधदिवा सोडून.

८ ऑगस्ट

कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ३७ फूट. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. तळमजल्यावरच्यांनी गाद्या वर न्यायला सुरुवात केली. हॉलमध्ये सामान ठेवलंय. खेळ पुढे ढकलला.

१२ ऑगस्ट

उतरलं. चाळिसाच्या आत राहिलं. हॉल अजून पोत्यांनी भरलेला.

२३ ऑगस्ट

खेळ झाला.

चौतीस माणसं. खुर्च्या कमी पडल्या, पोती होती तीच कामाला आली. प्रास्ताविक दीड मिनिटात उरकलं: पैज, चावीचा कॅमेरा, सायकल. रेनॉल्ड्सबद्दल बोललो नाही. आधी सांगितलं असतं तर लोक हसायचे थांबले असते, आणि ते बरोबर झालं असतं असं मला छातीठोक म्हणता येईना.

सुरुवातीच्या गाडीला पाच मिनिटं शांतता. मग मागून कुणीतरी म्हणालं, "इस्लामपूर गेलं का?" आणि हॉल फुटला. पुढे मला काहीच करावं लागलं नाही. वाक्यांमधल्या पोकळ्या प्रेक्षकांनीच भरल्या. टॉर्गो बॅगा घेऊन निघाला तेव्हा ती धून बायकांनी तोंडाने धरली आणि तिसऱ्या वेळी तर धून सुरू व्हायच्या आधीच. सबटायटल सरळ होती, एकही कोटी नाही. त्यांतल्या एका वाक्याला टाळी पडली. वाक्य एवढंच होतं: 'अंधार पडेल आता.' दृश्य भर उन्हातलं.

पाऊस रिमझिम, खिडक्या उघड्या. रात्रीचे प्रसंग सुरू झाले तशी प्रोजेक्टरच्या झोतात पावसाळी पाखरं शिरली. पडद्यावर १९६६ ची पाखरं, त्यांच्यावर सांगलीची. कुठली कुठली ते काही केल्या ओळखू येईना. समोरच्या काकू टॉवेल घेऊन उठल्या आणि पडद्यावरचा एक पतंग झटकायला गेल्या. तो टेक्सासचा निघाला.

कोजागिरीला मध्येच उठून गेलेले तिघे शेवटपर्यंत होते. पोती आवरताना विचारत होते, पुढचा कधी.

अप्पा थांबले. सगळे गेल्यावर विचारलं, "त्या पोराचं पुढे काय झालं?" सांगितलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग पोतं ओढून भिंतीला लावलं. "त्याला सांगायला हवं होतं कुणीतरी. एवढ्यांत तो एकटाच नट होता."

२४ ऑगस्ट

दुरुस्त्या: अकराव्या मिनिटाला 'आपण' ऐवजी 'आपन' गेलंय. एका ठिकाणी सबटायटल दोन सेकंद उशिरा. पहिल्या पाटीखाली एक ओळ वाढवली, 'टॉर्गो: जॉन रेनॉल्ड्स'. मशीन पुन्हा रात्रभर लावलं.